ज्या त्या दिवसाचा वाटा

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा निरोप काल रात्री वाचला. जहाज तीन महिने नांगरावर पडून आहे, मालक फोन उचलत नाही, पगार बंद, पासपोर्ट एजंटच्या ताब्यात, किनारा समोर दिसतो पण उतरायची परवानगी नाही. सोळा माणसं आणि गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, तांदळाची शेवटची दोन पोती. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, "काका, देवाने निदान एक तारीख तरी सांगावी, मग मी कितीही दिवस काढीन." त्या ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे.

तारीख मागू नकोस. तुला कडक वाटेल, पण आधी हेच सांगायला हवं. स्तोत्र २३ तुला संडे स्कूलपासून पाठ आहे, विश्वास म्हणजे काय ते तुला नव्याने शिकवायची गरज नाही. मला एकच गोष्ट तुझ्या गळी उतरवायची आहे आणि ती मी या पत्रात दहादा सांगणार आहे, कंटाळू नकोस. देव साठा देत नाही, वाटा देतो. ज्या त्या दिवसाचा, त्या दिवशी.

हिब्रूत यासाठी तीन शब्दांचा एक प्रयोग आहे, दवर योम बेयोमो. शब्दशः म्हणजे "दिवसाची गोष्ट तिच्या दिवशी". मराठीत तो कुठे "रोजचा रोज", कुठे "नित्याचा" असा उतरतो, त्यामुळे वाचताना लक्षात येत नाही. चार ठिकाणी तो उघडून बघ. पहिलं ठिकाण निर्गम ५. इस्राएल लोक मिसरात गुलाम होते, राजा फारोने त्यांना विटांसाठीचा पेंढा बंद केला, विटांची संख्या मात्र तीच ठेवली, आणि मुकादम ओरडत राहिले की ज्या दिवसाचं काम त्या दिवशी पुरं करा. म्हणजे इस्राएल लोकांनी हे शब्द आधी चाबकाबरोबर ऐकले. दुसरं ठिकाण निर्गम १६, चौथं वचन. फक्त अकरा अध्याय पुढे. तिथे तेच शब्द देवाच्या तोंडी आहेत, की लोकांनी बाहेर जाऊन ज्या दिवसाचं त्या दिवशी गोळा करावं. ज्या शब्दांत फारो रोज विटा मागत होता, त्याच शब्दांत देव रोज भाकर देऊ लागला. तिसरं ठिकाण दानीएलाच्या पहिल्या अध्यायात, बाबेलच्या राजाने पकडून आणलेल्या मुलांसाठी नेमलेलं अन्न. चौथं २ राजे २५, शेवटचं वचन. त्याच्याकडे मी परत येणार आहे, कारण ते तुझं ठिकाण आहे.

आधी मान्ना, म्हणजे मिसरातून निघालेल्या लोकांना रानात देवाने दिलेली भाकर, कारण तिथे वाटा कसा उचलायचा याची पूर्ण रीत दिली आहे आणि आपण ती गोष्ट मुलांना सांगायची म्हणून सोडून देतो. मिसर सोडून बरोबर एक महिना झाला होता, दुसऱ्या महिन्याचा पंधरावा दिवस, एलीम आणि सीनाय यांच्यामधलं रान. सकाळी दव उडालं की जमिनीवर धण्यासारखं पांढरं, बारीक काहीतरी उरायचं. माप ठरलेलं, माणशी एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आपल्या हिशेबाने साधारण दोन लिटरचं मापटं. उचलायची वेळ पहाटेची, कारण ऊन तापलं की ते वितळायचं. सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर, सातव्या दिवशी काही नाही. मापून पाहिलं तेव्हा ज्याने जास्त उचललं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी उचललं त्याला कमी पडलं नाही.

चुका कुठे झाल्या तेही लिहिलं आहे. काहींनी सकाळसाठी ठेवलं, त्यात किडे पडले आणि वास सुटला. काही सातव्या दिवशी शोधायला गेले, हात हलवत परत आले. पहिल्यांच्या मनात भीती होती की उद्या येणार नाही. दुसऱ्यांना काल सांगितलेलं पटलं नव्हतं. मात्र सहाव्या दिवशीचा जादा ओमर दुसऱ्या सकाळी चांगला राहिला. तेव्हा ठेवणं हा गुन्हा नव्हे. योसेफाने तर मिसरात सात वर्षांचं धान्य कोठारांत भरलं. सांगितलं म्हणून ठेवलेलं टिकतं, भीतीने ठेवलेलं सडतं. तुझ्या जहाजावर कोणीतरी केबिनमध्ये नूडल्सची पाकिटं दडवली असतील. त्याच्यावर ओरडू नकोस, तो घाबरलेला आहे. पण तू दडवू नकोस. देव साठा देत नाही, वाटा देतो, आणि एकाचा साठा हा बहुतेक वेळा दुसऱ्याचा वाटा असतो. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच मान्नाचं वचन काढून दाखवलं होतं, यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना.

"तांदूळ मोजणं म्हणजे अविश्वास का?" असं तू विचारलंस. अरे, ओमर हे मापच आहे! जो देव माणशी माप ठरवून देतो तो तुला मोजू नको म्हणेल का? मोज. दोन पोती म्हणजे पन्नास किलो. सोळा माणसं, माणशी ४०० ग्रॅम धरलं तर रोज ६ किलो ४०० ग्रॅम जातात, आठव्या दिवशी भांडं पुरं भरत नाही. माणशी ३०० ग्रॅमवर आलात तर रोज ४ किलो ८०० ग्रॅम, दहा दिवस निघतात. कॅप्टन आणि कुक यांना बसवून हे आजच ठरवा, सगळ्यांसमोर मापा, आणि कॅप्टनच्या ताटात पडेल तेवढंच इंजिनरूममधल्या ऑइलरच्या ताटात पडू दे. यहेज्केल संदेष्ट्याला यरुशलेमेच्या वेढ्याची खूण म्हणून जे अन्न नेमलं होतं ते दिवसाला वीस शेकेल, म्हणजे सुमारे २३० ग्रॅम भाकर, आणि हिनाचा सहावा भाग पाणी, अर्ध्या लिटरच्या थोडं वर. तुम्ही अजून त्या मापावर आलेला नाहीत. पाण्याच्या टाकीचं साउंडिंग, म्हणजे किती पाणी उरलं त्याचं माप, रोज एकाच वेळी घ्या. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर म्हटलं तरी दिवसाला ८० लिटर होतात, ते आधी बाजूला काढा, आंघोळ आणि कपडे नंतर.

आणि रोज तोच डाळभात म्हणून चिडचिड सुरू होईल, कदाचित झालीही असेल. गणना ११ मध्ये लोक मान्नाला विटले आणि मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवत बसले. त्याच अध्यायात हेही आहे की ते मान्ना जात्यात दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवत आणि त्याच्या पोळ्या करत. कुकला सांग, तांदूळ भिजवून वाटला की त्याची घावनं होतात. विटलेल्या जिभेला तेवढंही पुरतं.

आता २ राजे २५ कडे ये. यहोयाखीन अठरा वर्षांचा होता तेव्हा यहूदाच्या गादीवर बसला, तीन महिने राज्य केलं आणि इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला आईसकट धरून बाबेलला नेलं. त्याच्या बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी नवा राजा अवील-मरोदख याने त्याला बंदिशाळेतून काढलं, कपडे बदलायला दिले, आपल्या पंक्तीला बसवलं, आणि मरेपर्यंत त्याला रोजचा वाटा मिळत राहिला, दवर योम बेयोमो. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. पुस्तक इथे संपतं. आपल्याला वाटतं, सदतीस वर्षं देव गप्प होता आणि मग एके दिवशी त्याने दार उघडलं.

पण १८९९ ते १९१७ या काळात जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डवे बाबेल खणत होते. दक्षिण राजवाड्यात, इश्तार दरवाज्याजवळच्या कमानींच्या तळघरांत त्यांना मातीच्या पाट्या सापडल्या. कोठारातल्या कारकुनांनी लिहिलेला शिध्याचा हिशेब. १९३९ मध्ये एर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांतल्या काही वाचून छापल्या. त्यांत तेलाची नोंद आहे. यहूदाचा राजा याउकीन, म्हणजे आपला यहोयाखीनच, त्याला दहा सिला. यहूदाच्या राजाचे पाच मुलगे, त्यांना मिळून अडीच सिला. यहूदाची आठ माणसं, प्रत्येकी अर्धा सिला. सिला म्हणजे लिटरभर, किंवा थोडं कमी. त्यांतल्या एका पाटीवरचं वर्ष इ.स.पू. ५९२ येतं.

आता हिशेब कर. इ.स.पू. ५९२ म्हणजे बंदिवासाचं पाचवं वर्ष. शास्त्रात जेवणाचा उल्लेख येतो त्याच्या तीसहून जास्त वर्षं आधी कारकून त्याच्या नावावर तेल मांडत होता. मुलांची पोटं भरत होती. आणि हे बाबेलच्या सरकारी कोठारातून, ज्याने मंदिर लुटलं त्याच राजाच्या कोठारातून. त्या कारकुनाला इस्राएलचा देव ठाऊक नव्हता. त्याने ओल्या मातीवर खुणा उमटवल्या आणि पुढच्या नावाकडे वळला. मला या पाटीपुढे गप्प व्हायला होतं. यहोयाखीनाला त्या पाचव्या वर्षी कोणी तारीख सांगितली असती तर काय सांगितली असती? "अजून बत्तीस वर्षं." ती ऐकून तो जगला असता का? तारीख मिळाली नाही. तेल मिळालं.

म्हणून म्हणतो, तारीख मागू नकोस, आणि देणाऱ्या हातावर अडखळू नकोस. एलीया संदेष्ट्याला करीथ ओहोळाशी सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणणारे कावळे होते, लेवीयच्या यादीत अशुद्ध ठरलेला पक्षी. यिर्मया संदेष्टा वेढ्यातल्या यरुशलेमेत पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना त्याला भाजणाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळावी असा हुकूम दुबळ्या सिद्कीया राजाने दिला. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत टाकलं तेव्हा त्याला वर काढणारा एबद-मलेख हा कूशी परदेशी होता. त्याने तीस माणसं नेली, आणि दोर काखेत रुतू नयेत म्हणून जुनी फडकी, चिंध्या आधी खाली सोडल्या. पुढे शहर पडल्यावर यिर्मयाला शिधा देऊन सोडणारा बाबेलचा सरदार नबूजरदान, ज्याने मंदिर जाळलं तोच. तुमच्या जहाजाला पाण्याचा बार्ज कोणी आणून लावेल, बंदरातला कोणी अनोळखी माणूस कांद्याची गोणी चढवेल. तो कोणत्या धर्माचा, का देतो, हे विचारू नकोस. आभार मान, घे, वहीत लिही.

एक अवघड गोष्ट मी लपवणार नाही. यिर्मयाच्या त्या भाकरीच्या वचनाला शेपूट आहे: शहरातली सगळी भाकर संपेपर्यंत. वेढा सुमारे दीड वर्ष चालला आणि भाकर खरोखर संपली. तेव्हा वाटा म्हणजे दर वेळी भाकरच असेल असं समजू नकोस. विहिरीतल्या दिवशी त्याचा वाटा चिंध्यांचा होता. विलापगीतात, जळालेल्या शहराच्या राखेत, दया रोज सकाळी नवी आहे असं म्हणणारा लगेच पुढच्या वचनात म्हणतो की परमेश्वरच माझा वाटा. शब्द बघ, वाटाच.

दुष्काळात एलीयाला भाकर देणाऱ्या सारफथच्या विधवेचं मडकं कधी भरून वाहिलं नाही. प्रत्येक वेळी तळाशी एका भाकरीपुरतं पीठ दिसत असणार आणि कुपीत थोडं तेल. उपदेशात आपण त्या चमत्काराचं वर्णन असं करतो की घर भरलं असावं. तिला मात्र रोज सकाळी हात घालूनच कळत होतं. हे सोपं जगणं नाही आणि ते सोपं आहे असं मी तुला सांगणार नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्यात कोणीतरी हनन्या असेल. यिर्मया २८. हनन्या या खोट्या संदेष्ट्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा यहोयाखीनसुद्धा. लोकांना किती बरं वाटलं असेल! पुढच्याच अध्यायात बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाचं पत्र आहे: घरं बांधा, मळे लावा, फळं खा, लग्नं करा, त्या शहराचं हित बघा, सत्तर वर्षं. हनन्याची तारीख ऐकणारा माणूस मळा लावत नाही. जहाजावर "पुढच्या आठवड्यात सुटणार" असं कोणी सांगितलं की तांदूळ सैल हाताने घातला जातो, मेल लिहायचा राहतो, आणि आठवडा उलटला की माणसं मोडतात. भूक लागून मोडण्याआधी तारीख चुकून मोडतात.

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. कितीतरी तरुणांना मी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "विश्वास ठेव, लवकरच सगळं ठीक होईल." तो "लवकरच" माझा होता, देवाचा नव्हता. त्यांना धीर देतो आहे असं वाटायचं, खरं तर मला त्यांचं रडणं बघवत नव्हतं. आता मी तसं बोलत नाही, तर मंडळीतले लोक म्हणतात काका कोरडे झाले, हट्टी झाले. होऊ दे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर "आज" मागितली आहे. लूकमध्ये तीच मागणी "रोजच्या रोज" देत राहा अशी आहे. त्या भाकरीला जो ग्रीक शब्द लावला आहे तो इतका दुर्मीळ की त्याच्या अर्थावर अभ्यासक अजून वाद घालतात. घालू देत. "आज" या शब्दावर वाद नाही. मी त्या एका शब्दाला धरून बसलो आहे आणि मरेपर्यंत बसणार. त्यापेक्षा मोठं आश्वासन माझ्या खिशातून काढून कोणाला द्यायचा मला अधिकार नाही.

पण वाटा उचल म्हणतो तेव्हा बसून राहा असं म्हणत नाही, आणि इथे मी तुझ्यावर थोडा रागावलो आहे. मान्ना तंबूत पडत नव्हता. तो छावणीच्या भोवती पडायचा, पहाटे उठून वाकावं लागायचं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती उभारली तेव्हा रोजच्या प्रार्थनेबरोबर विहिरी, शेती, तेलघाणा, विणकाम, छापखाना हे सगळं होतं. तू तीन महिन्यांत कोणाला लेखी काय कळवलंस? तुझ्या निरोपात त्याचा उल्लेख नाही.

तेव्हा हे कर. जहाजावर दर्शनी जागी, बहुधा मेसरूममधल्या बोर्डवर, आर्थिक हमीचं प्रमाणपत्र लावलेलं असायला हवं. खलाशी सोडून दिले गेले तर खर्च कोणता विमेदार उचलणार ते त्यावर असतं, संपर्कासह. त्याचा फोटो काढ. दिसलं नाही तर कॅप्टनकडे प्रत माग. २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दोन महिने पगार न देता मालकाने संबंध तोडले, किंवा अन्नपाणी पुरवलं नाही, किंवा घरी पाठवायचा खर्च नाकारला, तर त्याने खलाशांना वाऱ्यावर सोडलं असं धरलं जातं. मग अन्न, पिण्याचं पाणी, जगण्यापुरतं इंधन, औषधोपचार आणि घरी पोचवणं विमेदाराकडे येतं, आणि थकलेला पगारही, पण जास्तीत जास्त चार महिन्यांचा. या चार महिन्यांच्या मर्यादेमुळेच "अजून थोडं थांबू" म्हणणारे नाडले जातात. तुमचे तीन झाले आहेत. चौथा उलटायची वाट बघू नका.

एकच मेल लिहा, सगळ्यांच्या सह्यांनी. जहाजाचं नाव, जहाजाच्या ओळखीचा सात आकडी आयएमओ क्रमांक, झेंडा कोणत्या देशाचा, नांगराची जागा, कोणत्या देशाची किती माणसं, प्रत्येकाचा शेवटचा पगार कोणत्या तारखेला झाला, अन्न किती दिवसांचं, पाणी आणि डिझेल किती टन, कोण आजारी आहे. ती विमेदाराला, झेंड्याच्या देशाच्या नौवहन कार्यालयाला, मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला आणि आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला पाठवा. उत्तर आलं नाही तर तीच मेल नवीन आकडे घालून दर आठवड्याला. करारनामा, पगाराच्या पावत्या, सीडीसी म्हणजे तुझं खलाशी-पुस्तक, यांचे फोटो घरी कोणाकडे तरी पाठवून ठेव. कोऱ्या कागदावर किंवा "सगळा हिशेब चुकता" अशा कागदावर सही करू नकोस, बदल्यात कितीही लवकरचं विमान तिकीट दाखवलं तरी. एसावाने भुकेपोटी थोरलेपणाचा हक्क विकला, ते तुला सांगायला नको. ही मेल म्हणजे पहाटे उठून वाकणं आहे. उचलायला गेलास म्हणून देणारा बदलत नाही.

रविवारी मेलही नको, मोजणीही नको. सहाव्या दिवशी दोन्ही दिवसांचं मापून ठेवा, आणि सातव्या दिवशी जे जे येतील त्यांना घेऊन मेसमध्ये तासभर बसा. तिथे सुटकेच्या अफवा काढू नका. सातव्या दिवशी रानात शोधायला जाणाऱ्यांना काही मिळालं नाही.

आणि एक वही कर. मोशेने अहरोनाला एक ओमर मान्ना भांड्यात भरून जपून ठेवायला सांगितलं होतं, पुढच्या पिढ्यांनी माप डोळ्यांनी बघावं म्हणून. तुझी वही ते भांडं. रोज रात्री तीन रकाने: काय आलं, किती, कोणाच्या हातून. "पाणी, २ टन, बंदराचा बार्ज." "पॅरासिटामॉल, एक पट्टी, सेकंड इंजिनियर." "आईचा फोन लागला, चार मिनिटं." काहीच आलं नाही असं वाटेल त्या रात्री जास्त वेळ बस, विहिरीतल्या चिंध्या शोध. बाबेलच्या कारकुनाएवढी तरी नोंद ठेव, बाळ. त्याने ठेवली म्हणून आज आपल्याला कळलं की त्या पाचव्या वर्षी मुलांना तेल मिळालं होतं. आणि ही वही तुझ्या पगाराच्या दाव्यातही कामाला येईल, तेही काही कमी नाही.

तुझ्या आईशी मी बोललो. तिला तारीख सांगितली नाही, तांदळाचा हिशेब सांगितला. ती रडली, मग म्हणाली, घावनांना थोडं मीठ जास्त घाला म्हणावं.

आज रात्री वहीचं पहिलं पान लिही आणि त्याचा फोटो मला पाठव. फक्त आजचं.

तुझा,
काका